मातीचा हिशेब : वेजवूड कारखान्याची अडीचशे वर्षे

माठ, लोणच्याची बरणी आणि चहाचा पातळ पांढरा कप ही तिन्ही मातीचीच भांडी, पण तिघांचे स्वभाव अगदी निराळे. माठ कमी आचेवर भाजलेला असतो, त्याच्या अंगातली बारीक छिद्रे उघडी राहतात, आणि त्यांतून पाझरणारे पाणी वाऱ्यावर उडून जाते म्हणूनच आतले पाणी गार होते. बरणी त्याहून पुष्कळ जास्त, साधारणपणे १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली असते. तिथे मातीचे कण अंशतः वितळून एकमेकांत मुरतात, त्यामुळे वर्षभर ठेवलेल्या लोणच्याचा खारही बाहेर झिरपत नाही. तिसरा, उजेडासमोर धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते तो कप, हा खऱ्या चिनी मातीचा किंवा हाडांची राख मिसळलेल्या मातीचा. आपण मराठीत शेवटच्या दोन्ही प्रकारांना सरसकट ‘चिनी माती’ म्हणतो, परंतु या तीन भांड्यांमधला फरक लक्षात ठेवला तर इंग्लंडमधल्या वेजवूड या कारखान्याने नेमके काय केले, हे समजायला सोपे जाते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात चहा पिण्याची सवय वाढत होती, पण चहाला शोभेल असे भांडे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात नव्हते. चीनमधून जहाजांनी येणारी पांढरीशुभ्र भांडी महाग होती. बाकीच्यांसाठी कथलाच्या मिश्रधातूची ताटे होती, किंवा जाड, तपकिरी, सहज टवके उडणारी मातीची भांडी होती. ही मातीची भांडी ज्या भागात बनत तो भाग म्हणजे स्टॅफर्डशायर परगण्यातली बर्स्लेम, हॅन्ले, स्टोक, फेंटन, टनस्टॉल, लाँगटन ही सहा गावे. तिथे माती होती आणि भट्टीला लागणारा दगडी कोळसाही होता. नव्हता तो मोजमापाचा रिवाज. मातीत काय किती मिसळायचे, भट्टी कधी थांबवायची, हे सारे डोळ्यांच्या आणि हातांच्या अंदाजावर चाले, आणि तो अंदाज बापाकडून मुलाकडे जाई.

जोसाया वेजवूड १७३० मध्ये बर्स्लेममध्ये अशाच एका कुंभार घराण्यात जन्मला, भावंडांत सर्वांत धाकटा. नवव्या वर्षी वडील गेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास देवी आल्या आणि त्यांतून तो वाचला तो उजवा गुडघा कायमचा अधू होऊनच. १७४४ मध्ये थोरल्या भावाच्या हाताखाली तो उमेदवारीला लागला, पण पायाने चाक फिरवत तासन् तास बसणे त्याला झेपेना, आणि त्याचे लक्ष चाकावरून मातीच्या मिश्रणांकडे व झिलईकडे वळले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १७५४ ते १७५९ या काळात टॉमस व्हील्डन या नामांकित कुंभाराशी त्याची भागीदारी होती. त्या भागीदारीच्या अखेरीस त्याने एक वही उघडली. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक, मिश्रणातल्या प्रत्येक पदार्थाचे प्रमाण, भट्टीत नमुना कुठे ठेवला होता आणि काय निष्पन्न झाले याची नोंद, आणि कुणाच्या हाती पडली तरी कळू नये म्हणून पदार्थांची नावे सांकेतिक अंकांत. माझ्या मते वेजवूडचा सगळा इतिहास या वहीतून सुरू होतो. १७५९ मध्येच त्याने बर्स्लेममध्ये नातलगांकडून भाड्याने घेतलेल्या जागेत स्वतःचा कारखाना थाटला.

आता त्याच्यापुढचा प्रश्न काय होता ते पाहू. त्याला माठाच्या जातीचे, म्हणजे तुलनेने कमी आचेचे आणि स्वस्त, पण दिसायला चिनी भांड्याच्या जवळ जाणारे भांडे हवे होते. स्टॅफर्डशायरची स्थानिक माती लोहामुळे भाजल्यावर तांबूस होई, म्हणून इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडून डेव्हन आणि डॉर्सेटमधली, भाजल्यावर फिकट राहणारी माती आणली जाई. तिच्यात चकमकीचा दगड घालत. हा दगड आधी तापवून ठिसूळ करायचा आणि मग दळायचा. तो जवळजवळ शुद्ध सिलिका असल्यामुळे मातीला पांढरेपणा आणि ताठपणा देतो. ही युक्ती वेजवूडच्या आधीपासून स्टॅफर्डशायरमध्ये ठाऊक होती. खरी अडचण पुढे होती. भांडे एकदा भाजून झाले की त्यावर झिलईचा पातळ द्रव चढवून ते पुन्हा भाजतात, आणि झिलई वितळून काचेचा थर बनते. भट्टी निवू लागली की माती आणि काच दोन्ही आक्रसतात, पण सारख्या प्रमाणात आक्रसतीलच असे नाही. काच जास्त आक्रसली तर तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात, त्यांतून चहा आत मुरतो आणि भांडे डागाळते. माती जास्त आक्रसली तर झिलईच्या खपल्या निघतात. म्हणजे मातीचा एक पदार्थ बदलला की झिलई बदलायची, झिलई बदलली की आच बदलायची, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवायच्या. अंदाजाने हे जमणे कठीण होते, वहीने जमले. साय रंगाची, हलकी, गुळगुळीत, उकळता चहा ओतला तरी न तडकणारी भांडी त्याच्या भट्टीतून खात्रीने निघू लागली.

१७६५ मध्ये राणी शार्लटसाठी चहाच्या भांड्यांचा संच करण्याचे काम स्टॅफर्डशायरकडे आले, आणि सोन्याची पार्श्वभूमी व त्यावर उठावाची हिरवी फुले असे अवघड काम अंगावर घेणारा वेजवूडच निघाला. राणी प्रसन्न झाल्यावर त्याने त्या साय रंगाच्या भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’, म्हणजे राणीची भांडी, असे नाव देण्याची परवानगी मिळवली. भांडे तेच, पण नाव बदलताच गिऱ्हाइकाची नजर बदलली. राणी ज्यात जेवते त्याच मातीच्या ताटात आपणही जेवू शकतो, हे सुखवस्तू मध्यमवर्गाला पटले. या बाजूने त्याचा खरा सल्लागार होता लिव्हरपूलचा व्यापारी टॉमस बेंटली. १७६२ मध्ये वाटेत पाय दुखावून लिव्हरपूलला अडकून पडला असताना वेजवूडची त्याच्याशी ओळख झाली आणि पुढे ते भागीदार झाले. लंडनमध्ये दालन उघडून तिथे जेवणाची मेजे मांडून दाखवणे, चित्रांसह सूचिपत्रे छापणे, फिरते विक्रेते नेमणे, माल पसंत न पडल्यास परत घेण्याची हमी देणे, या आज आपल्याला रोजच्या वाटणाऱ्या गोष्टी या दोघांनी अठराव्या शतकात पद्धतशीर वापरल्या.

त्यांची सर्वांत गाजलेली मागणी रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिनकडून आली. पन्नास माणसांच्या पंगतीसाठी साडेनऊशेच्या आसपास नग, आणि प्रत्येकावर ब्रिटनमधल्या खऱ्या जागांची हाताने रंगवलेली चित्रे, एकूण बाराशेहून अधिक. शिवाय प्रत्येक नगावर एक छोटा हिरवा बेडूक, कारण हा संच ज्या राजवाड्यासाठी होता ती जागा बेडकांची दलदल म्हणून ओळखली जाई. १७७४ मध्ये काम पूर्ण झाल्यावर माल रशियाला धाडण्याआधी लंडनच्या दालनात त्याचे प्रदर्शन मांडले गेले. कामाच्या खर्चाच्या मानाने नफा बेताचाच होता, पण ज्यांच्या जागा ताटांवर रंगवल्या होत्या ते जमीनदार आणि त्यांचे सगेसोयरे ते पाहायला आले, आणि त्याचा लाभ मोठा होता. तो संच आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे.

भांडी खपू लागली तरी ती कारखान्यातून बाहेर धडपणे पोचणे हा वेगळाच प्रश्न होता. खेचरांच्या आणि घोड्यांच्या पाठीवरून, खड्ड्यांनी भरलेल्या वाटांनी माल जाई आणि वाटेत फुटे. वेजवूडने कालव्याचा पाठपुरावा केला. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आखलेल्या ट्रेंट आणि मर्सी कालव्याची पहिली कुदळ १७६६ मध्ये वेजवूडनेच मारली आणि तो त्या कंपनीचा खजिनदारही झाला. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा तो कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. नव्या कारखान्यासाठी जागा घेतानाच त्याने ती कालव्याच्या नियोजित मार्गावर घेतली होती, म्हणजे एकीकडून माती आणि चकमक उतरवायची आणि दुसरीकडून तयार माल चढवायचा. या कारखान्याला त्याने एट्रुरिया हे नाव दिले. इटलीत उत्खननात सापडणारी प्राचीन रंगीत पात्रे तिथल्या एट्रुरिया या जुन्या प्रदेशातल्या एट्रुस्कन लोकांची आहेत असा त्या काळचा समज होता. त्यांतली बरीचशी प्रत्यक्षात ग्रीकांची होती हे नंतर उलगडले, पण कारखान्याचे नाव तेच राहिले.

१७६८ च्या मे महिन्यात वेजवूडचा तो अधू पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हतेच. त्यानंतर साधारण वर्षभराने, १३ जून १७६९ रोजी एट्रुरियाचे उद्घाटन झाले तेव्हा लाकडी पायाचा हा माणूस स्वतः चाकापाशी बसला, बेंटलीने त्याच्यासाठी चाक फिरवले आणि वेजवूडने आपल्या हातांनी सहा काळी पात्रे घडवली. त्यांवर लॅटिनमध्ये लिहिले होते, की एट्रुरियाच्या कला पुन्हा जन्म घेत आहेत. ती ज्या मातीची होती ती काळी माती म्हणजे वेजवूडचे ‘ब्लॅक बसाल्ट’. तिचा काळा रंग कोळशाच्या खाणींतून वाहून येणाऱ्या पाण्याच्या तळाशी साचणाऱ्या लोहयुक्त गाळातून मिळे. ज्या गाळाकडे कुणी ढुंकूनही पाहिले नसते तो त्याने जमिनदारांच्या दिवाणखान्यात नेला.

एट्रुरियात एकच माणूस भांडे घडवून, रंगवून, भाजून पुरे करत नसे. चाकावर घडवणारा, कातकाम करणारा, कान जोडणारा, झिलईत बुडवणारा, रंगवणारा असे प्रत्येकाचे काम ठरलेले असे, आणि माती एका टोकाने शिरून भांडे दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. कामाची वेळ घंटेने ठरे आणि कोण कधी आले याची नोंद होई. माणसांची अशी यंत्रे बनवायची आहेत की ज्यांची चूकच होणार नाही, असे वेजवूडने एका पत्रात लिहिले आहे. हे वाक्य वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते. ज्या कुंभाराला आपल्या मर्जीने सोमवारी सुट्टी घेण्याची आणि सलग दोन दिवस राबून ती भरून काढण्याची सवय होती, त्याच्या दृष्टीने ही घंटा म्हणजे स्वातंत्र्य गेल्याचा आवाज असणार. दुसरीकडे हेही खरे, की त्याने कामगारांसाठी घरे बांधली आणि नियमित रोजगार दिला.

१७७२ मध्ये मंदी आली आणि गोदामात माल साठू लागला, तेव्हा वेजवूडने प्रत्येक पात्राचा खर्च घटकाघटकाने मांडला. त्यातून त्याला जे दिसले ते आज कोणत्याही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शिकवतात. माती आणि मजुरी मालाच्या संख्येनुसार वाढते, पण साचे, भाडे, भट्टी, कारकून यांचा खर्च एक पात्र करा वा हजार, घड्याळासारखा चालूच राहतो. म्हणून एकाच नमुन्याची जास्त पात्रे करावीत म्हणजे प्रत्येकामागचा खर्च उतरतो. आधी श्रीमंतांसाठी चढ्या किमतीत थोडा माल काढायचा, नाव झाले की तोच नमुना किंमत कमी करून मध्यमवर्गाला मोठ्या प्रमाणात विकायचा, हे धोरण या हिशेबातून पक्के झाले.

मोजायला सर्वांत अवघड होती ती भट्टीची आच. पाऱ्याचा तापमापक तिथे टिकत नाही, कारण पारा साडेतीनशे अंशांच्या पुढे उकळतो. वेजवूडने मातीच्याच स्वभावाचा उपयोग केला. माती जितकी जास्त तापते तितकी आक्रसते. तेव्हा ठरावीक मातीच्या ठरावीक मापाच्या लहान गुट्ट्या करून भट्टीत ठेवायच्या, बाहेर काढून गार झाल्यावर पितळी पट्टीवरच्या निमुळत्या होत जाणाऱ्या खाचेत सरकवायच्या, आणि गुट्टी किती आत जाते त्यावरून आच वाचायची. १७८२ मध्ये त्याने हे साधन रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि पुढच्याच वर्षी तो सोसायटीचा सभासद झाला. आपली मापे फॅरनहाइटच्या मापात बसवताना मात्र त्याची मोठी चूक झाली. ओतीव लोखंड वितळायला जवळजवळ १८ हजार अंश फॅरनहाइट लागतात असे त्याच्या गणितातून निघाले, जे खऱ्या आकड्याच्या कितीतरी पट आहे, कारण मातीचे आक्रसणे तापमानाच्या सरळ प्रमाणात होत नाही आणि ते किती वेळ तापवले यावरही अवलंबून असते. तरीही कालची आणि आजची भट्टी सारखी तापली की नाही, हे सांगायला ते साधन पुरेसे होते, आणि कारखान्याला तेवढेच हवे होते.

या सगळ्या मोजमापाचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे ‘जॅस्पर’. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृत्या उठून दिसतात ते वेजवूड जगभर ओळखले जाते ते याच मातीमुळे. डर्बिशायरच्या शिशाच्या खाणींत मिळणारे एक बेरियमयुक्त खनिज मिसळून केलेली ही माती कोबाल्ट वगैरे धातूंच्या ऑक्साइडने आरपार रंगते, आणि तिला झिलईची गरज पडत नाही. पांढरी आकृती वेगळ्या साच्यात दाबून घ्यायची, अलगद सोडवायची, थोडेसे पाणी लावून भांड्याच्या कच्च्या अंगावर चिकटवायची आणि मग दोन्ही एकत्र भाजायची. निळी आणि पांढरी माती केसभर जरी वेगळी आक्रसली तरी आकृतीला तडा जातो किंवा ती सुटून येते. हे जुळवायला हजारो चाचण्या लागल्या आणि १७७० च्या दशकाच्या मध्यावर ते जमले. १७८६ मध्ये पोर्टलंड कलश नावाचे प्राचीन रोमन काचपात्र त्याला नक्कल करण्यासाठी उसने मिळाले. काळ्या जॅस्परमध्ये त्याची पहिली निर्दोष प्रतिकृती साधायला जवळजवळ चार वर्षे गेली. पुढे १८४५ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये एका माणसाने मूळ कलश फोडून त्याचे तुकडे तुकडे केले, तेव्हा तो पुन्हा जोडताना वेजवूडच्या प्रतिकृतीचा आधार झाला.

१७८७ मध्ये याच जॅस्परची एक लहान लंबगोल मुद्रा निघाली. तिच्यावर साखळदंड घातलेला, गुडघ्यावर बसलेला कृष्णवर्णीय माणूस आहे आणि भोवती शब्द आहेत, ‘मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?’ गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून स्थापन झालेल्या संस्थेच्या समितीत वेजवूड होता, आणि ही मुद्रा त्याने विकण्यासाठी नव्हे तर वाटण्यासाठी काढली. बायका ती बांगड्यांत आणि केसांच्या काट्यांत बसवून मिरवत. तो व्यापार बेकायदा ठरवणारा कायदा ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये केला, पण तो पाहायला वेजवूड नव्हता. १७९५ मध्येच तो वारला होता. त्याच्या चहाच्या संचांतल्या साखरदाण्यांत जी साखर पडत होती ती गुलामांच्याच श्रमाची होती, हेही त्या मुद्रेइतकेच लक्षात ठेवले पाहिजे. आणि एट्रुरियातल्या शिशाच्या झिलईत दिवसभर हात बुडवणाऱ्यांच्या अंगात काय भिनत होते, चकमकीची धूळ त्यांच्या फुप्फुसांचे काय करत होती, याला सगळ्याच कारखानदारांच्या वहीत पुष्कळ काळ जागा नव्हती. शिशाच्या विषबाधेवर सरकारी चौकशी आणि कडक नियम यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली.

जोसायाच्या मुलीचा मुलगा म्हणजे चार्ल्स डार्विन, आणि डार्विनची पत्नी एमा ही जोसायाची नात. वडिलार्जित पैशामुळे डार्विनला पोटापाण्याची चिंता न करता अभ्यास करता आला, त्या पैशात या मातीच्या भांड्यांचाही वाटा होता. कारखान्याची पुढची शंभर वर्षे तुलनेने सावकाश गेली. हाडांची राख मिसळलेली पातळ, पारभासक भांडी १८१२ मध्ये सुरू झाली, काही वर्षांनी बंद पडली आणि १८७८ मध्ये पुन्हा आली.

मुंबईचा एक धागा इथे खरोखरच गुंतलेला आहे. बर्स्लेममध्ये जोसायाच्या स्मरणार्थ वेजवूड इन्स्टिट्यूट ही इमारत १८६० च्या दशकात उभी राहिली. तिच्या दर्शनी भागावरच्या भाजक्या मातीच्या नक्षीकामात जॉन लॉकवुड किपलिंग या तरुण शिल्पकाराचा हात होता. तोच १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरची शेतकरी आणि बाजारकरी माणसांची उठावशिल्पे त्याची आहेत. त्याचा मुलगा, ‘द जंगल बुक’चा लेखक रुडयार्ड, मुंबईतच जन्मला आणि त्याला नाव मिळाले ते स्टॅफर्डशायरमधल्या एका तलावाचे.

एट्रुरियाचा शेवट कोळशानेच ओढवून आणला. जमिनीखालचा कोळसा काढून काढून जमीन खचली आणि कारखाना त्याच्याच कालव्याच्या पातळीखाली गेला. १९३० च्या दशकात कुटुंबाने जवळच्या बार्लास्टन गावात नवा कारखाना बांधायला घेतला आणि १९४० मध्ये तिथे विजेच्या भट्ट्यांवर काम सुरू झाले. बाटलीच्या आकाराच्या कोळशाच्या भट्ट्यांनी काळवंडलेल्या त्या मुलखात हा मोठाच बदल होता. एट्रुरिया १९५० मध्ये बंद झाले. पुढे वेजवूडने शेजारचे अनेक कारखाने विकत घेतले, आणि १९८६ मध्ये आयर्लंडच्या वॉटरफर्ड या काचसामानाच्या कंपनीने वेजवूडलाच विकत घेतले. घरोघरी लग्नात भारी भांड्यांचा संच देण्याची प्रथा ओसरली, स्वस्त आयात वाढली, बरेचसे उत्पादन इंडोनेशियात गेले, कर्ज साचले, आणि जानेवारी २००९ मध्ये वॉटरफर्ड वेजवूड बुडाली. व्यवसाय आधी एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेकडे आणि २०१५ मध्ये फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीकडे गेला.

त्या दिवाळखोरीत एक गोष्ट जवळजवळ कायमची गेली होती. वेजवूडचे संग्रहालय वेगळ्या विश्वस्त संस्थेच्या ताब्यात होते, परंतु त्याचे पाच कर्मचारी कंपनीच्या सामायिक निवृत्तिवेतन योजनेत होते. कंपनी बुडाल्यावर त्या योजनेतली १३ कोटी ४० लाख पौंडांची तूट कायद्याने संग्रहालयाच्या माथी आली, आणि देणी फेडण्यासाठी संग्रह विकता येईल असा निकाल उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. २०१४ मध्ये सार्वजनिक निधी, देणग्या आणि हजारो सामान्य लोकांच्या वर्गणीतून १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे राहिले, संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचा झाला आणि राहायला बार्लास्टनमध्येच राहिला.

ऐंशी हजारांहून अधिक वस्तूंच्या त्या संग्रहात राण्यांची भांडी आहेत, तशाच जॅस्परच्या चाचण्यांच्या लाकडी तबकड्याही आहेत. त्यांत बोटाच्या पेराएवढे मातीचे तुकडे ओळीने लावलेले आहेत, काही करडे, काही डागाळलेले, काही फुगलेले, काही नेमक्या निळ्या रंगाचे. प्रत्येकावर एक क्रमांक आहे आणि तो क्रमांक वहीतल्या नोंदीशी जुळतो.